कचरा वेचणारी बोट गिरक्या घेते आणि तलावात मधेच थांबते: बिघाड कुठं शोधायचा

लक्षण असं. तलावातला कचरा गोळा करत आपोआप फिरणारी ही बोट सकाळी पाळीवरून पाण्यात सोडली की पहिले काही फेरे एकदम सरळ मारते. मग एका बाजूला ओढ घेते, थोड्या वेळानं गिरक्या घालते आणि तलावाच्या मधोमध उभी राहते. कुणीतरी डोंगा घेऊन जातं, दोरीनं ओढत आणतं. घाटावर तपासलं तर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सोडली की पुन्हा तेच.

माझं मूळ काम मोटार रिवायंडिंगचं. शेतात फवारणीचे ड्रोन आले तसे ते दुरुस्त करायला लागलो आणि त्याच ओळखीनं मच्छीमार संस्थेची ही बोट दुकानात आली. नंतर आसपासच्या गावांतल्याही आल्या. दुखणं बहुतेकींचं एकच, म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवतो.

मी बोलतोय ती बोट अशी: दोन बाजूंना बंद तोंडाचे जाड पीव्हीसी पाइप, मधे जाळीची टोपली, मागे पाण्याखाली दोन ब्रशलेस मोटरी. सुकाणू नाही. डावी-उजवी मोटर कमीजास्त करून वळते. डोकं म्हणजे पिक्सहॉक हा कंट्रोलर बोर्ड, त्यात आर्डुपायलटचं रोव्हर हा बोट चालवणारा प्रोग्राम, मार्ग लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमध्ये आखलेला. बॅटरी चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट. तुमची थोडी वेगळी असेल, पण दोन पंख्यांवर वळणारी असेल तर खालचं सगळं लागू पडतं.

बोट गिरकी घ्यायला लागली की आपला पहिला संशय जीपीएसवर जातो. पोरं लगेच ऑनलाइन नवीन मॉड्यूल मागवतात. ते येतं, बसतं, दोन दिवस बरं चालतं (कारण बसवताना पंखेही साफ झालेले असतात) आणि मग बोट पुन्हा भिंगते. माझ्याकडे आलेल्या बोटींमध्ये जीपीएस क्वचितच दोषी निघालं. आमच्या संस्थेतल्या एका ढिवर काकांनी तर लॅपटॉप न बघताच निदान केलं होतं: "बोट पागल नाही झाली बापू, तिच्या पायात काहीतरी गुतलं हाये."

आधी मॅन्युअलवर चालवून पाहा

काही उघडायच्या आधी ही एक चाचणी. बोट ऑटोमधून (आखलेल्या मार्गावर स्वतः चालण्यातून) काढा, मॅन्युअलला (रिमोटवर) टाका आणि रिमोटची काडी सरळ पुढे ढकला. वळवू नका. वारा नसलेली वेळ धरा, म्हणजे सकाळी लवकर.

मॅन्युअलमध्येही बोट एकाच बाजूला वळत असेल तर दोष पंख्यात, मोटरमध्ये किंवा ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटात) आहे. डोक्याचा काही संबंध नाही. बोट ज्या बाजूला वळते त्याच बाजूचा पंखा कमजोर आहे. उजवा अडकला की डावा एकटाच ढकलतो आणि बोट उजवीकडे जाते. हे उलटं वाटतं म्हणून नको त्या बाजूची मोटर खोलणारे पाहिले आहेत.

मॅन्युअलमध्ये बोट सरळ जाते आणि फक्त ऑटोमध्ये किंवा लॉइटरमध्ये (एका जागी थांबून राहण्याच्या मोडमध्ये) भरकटते, तर कंपासकडे जा. आणि दोन्हींत सरळ जाते पण अर्ध्या तासानं बंद पडते, तर बॅटरी बघा.

एक अडचण सांगून ठेवतो. ऑटोमध्ये पंखा अडकलेली बोट दरवेळी गोलच फिरेल असं नाही. ती उजवीकडे वळते आहे हे डोक्याला कळतं, ते उजव्या मोटरला जोर लावायला सांगतं, तिथून उत्तर येत नाही, मग ते डावी मोटर कमी करतं, ईएससी दोन्ही दिशांचा असेल तर उलटीही फिरवतं. त्यामुळं बोट थोडी पुढे, थोडी मागे, झिंगल्यासारखी चालते. काठावरून बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम बिघडला. म्हणून मॅन्युअल.

पंखा: दहातली आठ प्रकरणं इथंच मिटतात

आपल्या तलावात पंख्याला काय काय गुंततं? शिंगाड्याचे वेल, निर्माल्यातल्या हारांचे दोरे, तुटलेल्या जाळ्याचा तंगूस. पण सगळ्यांत वाईट खर्ऱ्याची पन्नी. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना ज्या पन्नीत घोटून देतात तीच. खाणारा माणूस तिची गोळी करून पाळीवर टाकतो, पहिल्या पावसात ती तलावात येते आणि पाण्यात हळूहळू उलगडते. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, पण शेवाळ आणि गाळ चिकटला की पृष्ठभागाच्या किंचित खाली तरंगत राहतं. टोपलीच्या जाळीखालून ते निसटतं आणि मागे पंखा पुढचं पाणी ओढतच असतो, त्या ओढीत थेट पंख्यात.

आता घाटावर सगळं ठीक का दिसतं? पन्नी पात्यांवर राहत नाही. ती पंख्याच्या बुंध्याशी, मोटर आणि पंखा यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत पिळून बसते. तिथं तिची काळपट, कडक कडी तयार होते. वरून बघाल तर पाती स्वच्छ. बोटानं फिरवाल तर पंखा फिरतोही, फक्त जरा जड. शिवाय डोंग्यानं बोट मागच्या बाजूनं ओढत आणली असेल तर पंखे उलटे फिरून अर्धा गुंता वाटेतच सुटलेला असतो. म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. बॅटरीची जोडणी काढा (हे विसरू नका, आर्म झालेली, म्हणजे फिरायला सज्ज मोटर हाताचं बोट तोडते), नट सोडून पंखा पूर्ण उतरवा आणि फटीत बघा. कडी असेल तर ब्लेडनं एका बाजूनं कापून काढा, ओढून काढू नका. ओढलं की तंगूस सीलमध्ये घुसतो. दोन्ही पंखे उतरवल्यावर मोटरीचे शाफ्ट हातानं फिरवून तुलना करा. जी जास्त खरखरते तिचं बेअरिंग गेलं. ब्रशलेस मोटरी पाण्यात चालतात पण गाळात बेअरिंग टिकत नाही, ते वर्षाकाठी बदलायचंच असतं असं धरून चला.

साफ केल्यावर प्रश्न सुटला असं वाटतं, पण पुढच्या आठवड्यात पन्नी पुन्हा येणार. कायमचं काही करायचं असेल तर माझं मत असं:

बारीक जाळीचा पिंजरा पंख्याभोवती लावू नका. तो स्वतःच पन्नीनं बंद होतो आणि मग दोन्ही मोटरी उपाशी राहतात. त्यापेक्षा पंखे टोपलीच्या थेट मागून काढून पाइपांच्या बाहेरच्या अंगाला न्या आणि टोपलीच्या बाजूनं एक उभी पट्टी लावा. टोपलीतून निसटलेलं मग पंख्यापर्यंत सरळ पोहोचत नाही. खोली असेल तिथं पंखे वीतभर आणखी खाली घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंट लागतात, तेव्हा पुन्हा वर.

दुसरं, उलटा झटका. ईएससी दोन्ही दिशांचे असतील तर मिशनमध्येच रिव्हर्सची आज्ञा टाकता येते. मार्गावर आखलेल्या दर काही बिंदूंनंतर चार-पाच सेकंद मागे, मग पुढे. गुंता घट्ट व्हायच्या आधीच सुटतो. टोपलीतला कचरा मागे जाताना बाहेर पडू नये म्हणून तोंडाशी आत उघडणारी रबरी झडप हवी, जुन्या ट्यूबची चालते.

तिसरं, वेग कमी. जोरात पळणारी बोट तोंडापुढे पाण्याची वळी ढकलते आणि हलका कचरा त्या वळीबरोबर बाजूला सरकतो. अर्ध्या थ्रॉटलवर टोपली जास्त भरते आणि पंखाही कमी ओढतो. मासोळीचं बी, कासव यांनाही निघून जायला वेळ मिळतो. टोपली रिकामी करताना मात्र आधी काठीनं हलवा. पानदिवड बसलेली असते. बिनविषारी आहे, पण दचकून माणूस पाण्यात पडतो.

हे सगळं करूनही गुंतत असेल तर पाण्यातला पंखाच सोडून द्या. वर हवेतला पंखा लावलेल्या बोटी चालतात. फवारणीच्या ड्रोनची जुनी मोटर कामी येते. आवाज फार, वाऱ्यात ताबा कमी आणि भोवती पक्की जाळी लागते. पण पन्नीचा विषय संपतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात २०१४ पासून कचरा उचलणारं जे मोठं यंत्र आहे, त्यातही कचऱ्यात फिरणारा पंखा नाहीच. ते एका जागी बसलेलं असतं, पाण्याच्या प्रवाहावर आणि सौर विजेवर चाक फिरतं आणि पट्ट्यावरून कचरा वर चढतो.

कंपास

मॅन्युअलमध्ये सरळ, ऑटोमध्ये वाकडं. थ्रॉटल वाढवला की वाकडेपणा वाढतो. लॉइटरला टाकली की एका जागी थांबण्याऐवजी मोठमोठी वर्तुळं घालते. हे कंपासचं लक्षण.

कारण साधं आहे. वायरमधून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. २० अँपिअर वाहणारी एकटी वायर १० सेंटिमीटरवर सुमारे ४० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार करते. आपल्या पूर्व विदर्भात पृथ्वीचं आडवं क्षेत्र जवळपास तेवढंच आहे. म्हणजे कंपासच्या शेजारून बॅटरीची वायर गेली असेल तर मोटरी चालू होताच त्याला उत्तर दिशा दोन दिसतात.

तपासायची रीत: बोट पाण्यात ठेवा, चारी बाजूंनी घाटाच्या खांबांना घट्ट बांधा, मिशन प्लॅनरवर दिशेचा आकडा बघत दोन्ही मोटरी सारख्या वाढवा. बोट हलत नाही, म्हणजे आकडाही हलायला नको. दोन-चार अंश चालतात. पंधरा-वीस अंश सरकला तर वायरींचा दोष नक्की.

उपाय म्हणजे बॅटरीची लाल आणि काळी वायर एकमेकींना पीळ देऊन न्या. जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी असला की दोन्हींचं क्षेत्र एकमेकांना बरंचसं खोडतं. आमच्याकडच्या बहुतेक बोटींत लाल वायर एका पाइपावरून आणि काळी दुसऱ्या पाइपावरून गेलेली असते, दिसायला सुबक म्हणून. मग जीपीएस-कंपासची डबी हातभर उंच दांडीवर चढवा. दांडी पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची, स्क्रू पितळेचे. लोखंडी खिळा ठोकू नका. शेवटी कंपासचं कॅलिब्रेशन (दिशा नव्यानं जुळवणं), आणि ते टिनाच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या बाजूला नाही, मोकळ्या धुऱ्यावर. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एक अंशाच्या आतच आहे, त्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

बॅटरी

मधेच थांबते याचं उत्तर बहुतेकदा मिशन प्लॅनरच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. बॅटरी फेलसेफ (बॅटरी कमी पडली की लागणारी सुरक्षेची सोय) आला की बोट ठरवल्याप्रमाणे थांबते किंवा घरी निघते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली काही सेकंद राहिलं की हा फेलसेफ लागतो. मूळ सेटिंगमध्ये हा काळ १० सेकंदांचा आहे.

गंमत अशी की पंखा गुंतला की मोटर जास्त करंट ओढते, वायरी आणि कनेक्टर बारीक असतील तर व्होल्टेज दबतं आणि बॅटरी अर्धी भरलेली असतानाच फेलसेफ लागतो. मोटरी थांबल्या की व्होल्टेज पुन्हा वर. घाटावर मीटर लावलं तर बॅटरी चांगली! म्हणजे गिरकी आणि थांबणं ही दोन दुखणी नसून एकाच पन्नीची असू शकतात. बोटीतला लॉग (फेरीची नोंद) उतरवून करंट आणि व्होल्टेजच्या रेषा एकाखाली एक बघा. करंट चढला त्याच क्षणी व्होल्टेज पडलं असेल तर पुन्हा पंख्याकडे जा. करंट नेहमीइतकाच आणि तरी व्होल्टेज पडतंय, तर कनेक्टर जळालाय किंवा एक सेल गेलाय.

लिथियम फॉस्फेटची दुसरी खोड: तिचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. लेड-ॲसिडसारखं व्होल्टेजवरून किती उरली ते कळत नाही. म्हणून फेलसेफ व्होल्टेजवर नाही, वापरलेल्या अँपिअर-अवरवर लावा. आणि मे महिन्यात दुपारी चार्जिंग करू नका. या सेलला ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं आणि आपल्याकडे तेवढं तर सावलीत होतं, टिनाखालचं विचारूच नका. रात्री लावा.

जीपीएस

साधं मॉड्यूल दोन-तीन मीटर इकडंतिकडं दाखवणारच. टोपलीचं तोंड मीटरभर. त्यामुळं पूर्ण तलावावर जवळजवळ रेघा आखून इंच न् इंच झाडायचा हट्ट सोडा. तरंगता कचरा वारा एका कोपऱ्यात लोटतोच. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो तेव्हा पूर्वेकडच्या काठाला, हिवाळ्यात उत्तर-पूर्वेचा असतो तेव्हा समोरच्या कोपऱ्यात. बोट तिथंच पाठवा. पाळीवरच्या आंब्या-मोहांच्या अगदी खाली बिंदू टाकू नका, आकाश झाकलं की आकडा उड्या मारतो. बिंदूजवळ पोहोचूनही बोट भोवती घिरट्या घालत असेल तर बिंदूची त्रिज्या फार लहान ठेवली आहे, दोन-तीन मीटर करा.

समुद्रातल्या यंत्रांचं बघून बनवलेल्यांसाठी

पोरं व्हिडिओ बघतात, समुद्रात रोबोट कचरा गिळतोय, आणि तसंच करू म्हणतात. तिथं काय झालं तेही बघा. डच तरुण बोयान स्लाट यानं २०१३ मध्ये सुरू केलेल्या द ओशन क्लीनअप संस्थेनं सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ६०० मीटर लांबीची तरंगती नळी पॅसिफिकमध्ये नेली. ती वाऱ्या-लाटांवर आपोआप चालणार आणि प्लास्टिक पोटात धरणार, असा बेत. प्लास्टिक आत आलं आणि परत बाहेर गेलं, कारण नळीचा वेग प्लास्टिकपेक्षा सतत जास्त राहत नव्हता. वर्षाच्या शेवटी १८ मीटरचा तुकडा तुटून निघाला. पुढच्या वर्षी त्यांनी वेग वाढवणं आणि कमी करणं दोन्ही करून पाहिलं. कामाला आलं ते मागे पाण्यातली छत्री लावून हळू करणं. मग प्लास्टिक नळीवरून उडी मारू लागलं, तर वरची तरंगती कड मोठी केली. २०२१ पासूनची त्यांची मोठी यंत्रणा आपोआप वाहतच नाही, दोन जहाजं ती सुमारे दीड नॉटनं, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरनं, ओढतात.

म्हणजे अडचण तिथंही पाणी, वेग आणि कडेची उंची यांचीच होती. खऱ्या अर्थानं स्वतः फिरणाऱ्या बोटी समुद्रात नाही, बंदरात आणि कालव्यात चालतात. रॉटरडॅमची वेस्टशार्क घ्या, ती आपल्या बोटीची श्रीमंत बहीण आहे. तिचं पोटही दीड-दोनशे लिटरच्या आसपासच. अथांग पाण्यापेक्षा मामा (माजी मालगुजारी) तलाव हेच या यंत्राचं योग्य घर, असं मला वाटतं.

आणि समुद्राची काळजी असेल तरी काम इथंच आहे. आपल्या तलावाचा सांडवा नाल्यात, नाला वैनगंगेत. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. २०२१ च्या एका जागतिक अभ्यासात नद्यांतून समुद्रात जाणारं ८० टक्के प्लास्टिक हजारावर नद्यांत वाटलेलं दिसलं, मोजक्या दहा-वीस महानद्यांत नाही.

म्हणून बोटीच्या दुरुस्तीइतकाच खर्च तलावात नाला येतो त्या तोंडावर करा. जुने एचडीपीई पाइप दोरीत ओवून तिरपी तरंगती आड लावा, खाली हातभर जाळीचा पडदा. कचरा एका काठाला येतो, पंज्यानं ओढून काढता येतो आणि बोटीच्या पंख्याला निम्मं काम उरतं. आड सरळ लावू नका, तिरपीच. सरळ लावली की पहिल्या पुरात पोट फुगून तुटते.

जलपर्णीत बोट घालूच नका. ती बोटीचं काम नाही. तिथं दोन माणसं, एक डोंगा आणि लांब पंजा बोटीपेक्षा दहापट काढतात. देवी विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवसही बोट बाहेर ठेवा. आधी पोरांकडून हार, दोरे आणि काड्या काढून घ्या.

एवढं सगळं केल्यावर, मोटर बदलून आणल्यावर, एखादी बोट बिंदूकडे जायच्या ऐवजी त्याच्यापासून लांबच पळते किंवा जागेवर लट्टूसारखी फिरते. घाबरू नका. एक मोटर उलटी फिरतेय. ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. तरीही वळण उलटंच येत असेल तर डावी-उजवी आउटपुटची पिन बदलली गेली आहे, ती पुन्हा जागेवर लावा.